आमची वाटचाल : झडप, रांगोळी आणि एक कालनिर्णय

आमच्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. २००७ मध्ये पाटी रंगवायची वेळ आली तेव्हाच हे लक्षात आलं. 'पेस्ट कंट्रोल' लिहावं तर झुरळांचे फोन येणार, 'प्राणिमित्र' लिहावं तर लोक चहा पाजून फुकट पाठवणार. शेवटी 'घरात शिरलेले वन्यप्राणी न मारता बाहेर काढू' असं ठरलं. रंगाऱ्यानं 'न मारता'पर्यंत लिहिलं आणि पुढे जागा संपली म्हणाला. अजूनही पाटी तशीच आहे आणि लोक विचारतात, "न मारता काय?"

त्याआधी मी चार वर्षं फवारणीच्या पंपावर होतो. आग्या मोहोळावर औषध मारायचं, खाली पडलेल्या माश्या पोत्यात भरायच्या आणि बिल करायचं. पुढच्या वर्षी मोहोळ त्याच सज्ज्याखाली हजर, कारण मेण खरवडून काढायचं कुणाच्या डोक्यातच नसायचं. त्या पगाराचा कंटाळा आला, एवढंच खरं कारण. भूतदया वगैरे नंतर आली.

धंदा उभा केला तो मिस्त्रींनी. लांज्याकडचे सुतार, पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांची छपरं दुरुस्त करत आयुष्य गेलेलं. भागीदारीचा कागद आम्ही कधी केला नाही, महिनाअखेरीला पैसे टेबलावर ठेवून निम्मे करायचे. छपरात बिऱ्हाड करणाऱ्या उदमांजराला ते कांडेचोर म्हणत. मंगलोरी कौलांवर माणूस चढला की दहा तरी फुटतात. मिस्त्री आढ्यापर्यंत जाऊन येत आणि एक फुटत नसे. पाय कौलावर ठेवायचाच नाही, खाली वासा कुठून जातो ते ओळखून त्याच्यावर ठेवायचा. कौल काढताना ओढायचं नाही, वरचं दोन बोटं उचलायचं आणि खालचं सरकवायचं. मला हे शिकायला दोन पावसाळे आणि एका ग्राहकाची बरीच कौलं लागली.

झडपही त्यांचीच. बोहरी आळीतून सहा इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणायचा, त्याच्या बाहेरच्या तोंडाला वरून बिजागरीनं ॲक्रिलिकची चकती टांगायची. आतून ढकललं की उघडते, बाहेरून ओढता येत नाही. जनावर रात्री चरायला जातं, पहाटे परत येतं तर दार बंद. एक-दोन रात्री खटपट करतं आणि दुसरं बिऱ्हाड शोधतं. चकती पारदर्शक हवी, पलीकडचा उजेड दिसला नाही तर जनावर पाइपात शिरतच नाही. पहिल्या तीन झडपा आम्ही काळ्या रबराच्या केल्या होत्या. तिन्ही फुकट गेल्या.

आणि रांगोळी. भोकाबाहेर पत्र्याचा तुकडा, त्यावर चाळलेली पांढरी रांगोळी. सकाळी ठसे वाचायचे. मांजराची चार बोटं उमटतात, उदमांजराची पाच. ठसे फक्त बाहेर जाणारे असतील तर छप्पर रिकामं. जाणारे-येणारे दोन्ही असतील तर थांबायचं. मिस्त्री म्हणायचे, "आधी वाट बघ, मग वाट बंद कर." मी हसायचो. २०१४ नंतर हसणं बंद झालं.

प्रभात रोडचा बंगला. मालक परदेशातून दिवाळीला येणार, त्याआधी 'सगळं क्लिअर' हवं होतं. मिस्त्री गावी गेले होते. दोन रात्री रांगोळी टाकायची, मी एकच रात्र टाकली. ठसे बाहेर जाताना दिसले, आत येताना दिसले नाहीत. त्या रात्री वारा सुटला होता, निम्मी रांगोळी उडाली होती, पण घाई असली की माणसाला हवं तेच दिसतं. मी भोकावर वेल्डमेश, म्हणजे तारेची जाड जाळी, ठोकून मोकळा झालो. दुसऱ्या रात्री मादीनं तीन कौलं उचकटून खाली टाकली. माळ्यावर वरून आणखी जाळी होती, तिला आत जाता येईना. आत, पीओपीच्या वर, पिल्लं चिरकत होती. आम्ही सीलिंग फोडलं तेव्हा तीनपैकी एक गेलं होतं. उरलेली दोन वन विभागाच्या ताब्यात दिली.

सीलिंगचे पैसे मी भरले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फोटोची. त्या दिवशी माझ्याबरोबर शिडी धरायला एक मुलगा होता. तीन वर्षं आमच्याकडे शिकला, माझ्याच घरी जेवला. त्यानं मेलेल्या पिल्लाचा फोटो काढला आणि तो आठवड्यात अर्ध्या पुण्याच्या सोसायट्यांमध्ये फिरला, खाली आमच्या पाटीसकट. महिन्याभरात त्याची स्वतःची पत्रकं निघाली : '१०० टक्के गॅरंटी, एका रात्रीत'.

एका रात्रीत कसं, तर पिंजऱ्यात पिकलं केळं, सकाळी जनावर टेम्पोत, टेकडीवर नेऊन सोडलं की झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पकडणं आणि सापळा लावणंही येतं, हे त्याला मीच शिकवलं होतं. बरं, टेकडीवर सोडलेल्या जनावराला ना जागेची माहिती ना झाडांची, आणि इकडे भोक उघडंच. महिन्याभरात दुसरं उदमांजर त्याच माळ्यावर. मग पुन्हा त्याचाच फोन, पुन्हा पैसे. लोकांना हे कळत नाही असं नाही, पण एका रात्रीचा मोह सुटत नाही. त्यानं आमची झडपही उचलली. एका ठिकाणी त्यानं लावलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, उलटी बसवलेली होती. बाहेरून आत जाता येत होतं, आतून बाहेर नाही. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, ते जनावर कुणाच्या तरी माळ्यावर अडकलं असणार. ग्राहकाला तेवढं सांगून खाली उतरलो असतो तरी चाललं असतं.

त्या हिवाळ्यात आमचे फोन बंद पडले. दोन पोरं सोडून गेली, ओम्नी विकली, मी स्कूटरला शिडी बांधून फिरायला लागलो. मिस्त्रींनी गावाहून आल्यावर एक शब्द उणा काढला नाही. टेबलावरचे निम्मे पैसे मात्र सहा महिने उचलले नाहीत.

वाचवलं ते शनिवार पेठेतल्या काकूंनी. फोटो त्यांच्यापर्यंतही पोचला होता. म्हणाल्या, "तुमच्याकडून एक चूक झालीय, आता ती परत होणार नाही. ज्यांच्याकडून अजून झाली नाही त्यांना कशाला बोलवू?" त्यांच्या माळ्यावर पिल्लांसह मादी होती. काकूंना झोप कमी, त्यामुळे त्यांनी कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीनं नोंदी केल्या होत्या : 'बाहेर १२.४०', 'आत ४.१५', एका एकादशीला 'आज गेलीच नाही'. आमच्या कुठल्याही पोरानं इतकी चोख वही ठेवली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला आम्ही आधी आठवडाभर नोंदी करायला सांगतो. निम्मे चिडतात.

झडप लावायचा प्रश्नच नव्हता, पिल्लं आत होती. मिस्त्रींनी काकूंचा ट्रान्झिस्टर मागितला आणि आकाशवाणी पुणे लावून माळ्यावर ठेवला, जोडीला पंधरा वॅटचा दिवा. जागा बेचैन वाटली की आई स्वतःच पिल्लं हलवते. तिसऱ्या रात्री आम्ही तिघं अंगणात खुर्च्या टाकून बसलो. पावणेएकला मादी पन्हाळीवरून आली, तोंडात पिल्लू, भिंतीवरून शेजारच्या जांभळावर. परत आली, दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी यायला तिला तास लागला. काकूंनी तो वेळही लिहून ठेवला. शेवटी रांगोळी, दोन रात्री, आणि मग अर्धा इंची गॅल्वनाइज्ड वेल्डमेश. पंधरवड्यानं जांभळाच्या मालकांचा फोन आला. त्यांच्या घरीही आम्हीच गेलो.

इथे एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. कोंबडीची जाळी लावू नका, उदमांजर ती दातांनी उकलतं. फोम मारू नका, उंदीर तो एका रात्रीत कुरतडतात. पाकोळीला, म्हणजे छोट्या वटवाघळाला, करंगळी जाईल एवढी फट पुरते, म्हणून पट्ट्या नीट मारा, पण ती बाहेर असतानाच. छपरावर टेकणाऱ्या फांद्या आधी छाटा, परवानगी काढून. आणि जखमी जनावर दिसलं तर आम्हालाही बोलवू नका, वन विभागाचा १९२६ लावा.

२०१६ ते २०१९ सांगण्यासारखं काही नाही, काम होतं. २०२० मध्ये वटवाघळं मारून द्या म्हणून फोन आले, त्यांना नाही म्हणताना घसा बसला. मिस्त्री गुडघ्यांमुळे गावी गेले. त्यांची पटाशी आमच्या खोक्यात आहे, ती कुणाला वापरू देत नाही.

काकूंचा वाडा पाडला. त्या जागी टॉवर झाला, त्या सातव्या मजल्यावर गेल्या. वाटलं संपलं हे गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात त्यांचा फोन, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे पारव्यानं दोन अंडी घातलीत. सोसायटीचा माणूस घरटं टाकून लगेच हिरवी गार्डन जाळी मारायला निघाला होता, काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. अंडी उबायला सतरा-अठरा दिवस, पिल्लं उडायला वर महिनाभर. मी जाऊन गॅलरीचं माप घेतलं, हुकांच्या जागा खडूनं आखल्या, नायलॉनची जाळी कापून ठेवली. काकूंनी स्वयंपाकघरात नवं कालनिर्णय लावलंय. काल फोन करून म्हणाल्या, एक फुटलं, दुसऱ्याला तडा गेलाय.