चाळीस लाद्या बर्फ

हर्णै बंदराजवळच्या एका शाळेत मी नववीला शिकवतो. इंटरनेटवरची माहिती पारखायची कशी, यावर दोन तास घ्यायचे ठरवले आणि पहिल्या तासाला प्रोजेक्टरवर थेट झाडावर राहणारा ऑक्टोपस लावला. 1998 पासूनची ही अमेरिकन वेबसाइट म्हणजे निव्वळ थट्टा. पण मांडणी अशी की भलेभले गंडावेत. शास्त्रीय नाव, फोटो, प्रजाती धोक्यात असल्याचं कळकळीचं आवाहन, सगळं आहे. तिकडचे शिक्षकही ती याच कामाला वापरतात. पोरं फसतील, मग मी ऐटीत उलगडून सांगेन, असा माझा बेत.

पोरं फसली नाहीत. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जाळ्यात येतो तो. होडीत टाकला की थोड्या वेळात मरतो. झाडावर कसला चढतोय?"

अर्ध्या वर्गाच्या घरी मासेमारी, हे मी विसरलोच होतो. पण त्यांनी वेबसाइट कुठे पारखली होती? त्यांना समुद्र ठाऊक होता, एवढंच.

म्हणून गृहपाठ दिला. घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड जसाच्या तसा वहीत उतरवून आणा. शाळेत मोबाइल चालत नाही. एकाने तर आगीच्या इमोजीसुद्धा लाल स्केचपेनने काढून आणल्या, सात.

दुसऱ्या तासाला पहिल्या बाकावरची मुलगी वाचायला उठली. "अति महत्त्वाचे! उद्या पहाटे भयंकर चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकणार. हवामान खात्याचा इशारा. सोबतचा व्हिडिओ पाहा."

"कुठल्या ग्रुपवर आला?"

"पालकांच्या. तुम्हीच पाठवलात, सर."

आधी शांतता, मग जो हशा पिकला तो शेजारच्या वर्गापर्यंत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमची कौलं नेली, माडही आडवे केले. तेव्हापासून वादळ म्हटलं की माझं बोट डोक्याच्या आधी चालतं. पण हे वर्गाला काय सांगणार?

माझ्याच फोनमधला तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. पत्रे उडतायत, खांब वाकतोय. मी त्या रात्री एवढंच पाहिलं होतं. तिसऱ्यांदा लावल्यावर तीच मुलगी म्हणाली, "सर, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्यात." खरंच की! भारतातला रस्ताच नव्हता तो. मग पोरांना चेव आला. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं कुठल्या लिपीतली? आणि 'उद्या' म्हणजे कधीचा उद्या? मेसेजमध्ये तारीखच नव्हती. असा मेसेज वर्षभर फिरवला तरी शिळा होत नाही.

मग हवामान खात्याची वेबसाइट उघडली. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात कुठला किनारा, कुठल्या तारखेपर्यंत, वाऱ्याचा वेग ताशी किती किलोमीटर, सगळं लिहिलेलं असतं. त्या रात्री हे पान बघायला मला दोन मिनिटं पुरली असती.

ऑक्टोपसवाला पोरगा तेवढा हसत नव्हता. तास संपता संपता म्हणाला, "त्या दिवशी पप्पांनी बोट काढली नाही, सर. चाळीस लाद्या बर्फ भरून झाला होता. मी म्हटलं, आभाळ स्वच्छ आहे. तर म्हणाले, सरांनी पाठवलंय ना."

वादळ काही आलं नव्हतं. बर्फ मात्र वितळला, आणि खलाशांचा दिवसही बुडाला.

संध्याकाळी बंदरावर गेलो. त्याचे वडील जाळं शिवत बसले होते. चूक कबूल केली, बर्फाचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "होतं हो सर," म्हणून चहा मागवला. जरा सावरल्यावर मी म्हटलं, उद्यापासून दोन दिवस वारा पडलेला राहील, फेरी करायला हरकत नाही.

त्यांनी सुई थांबवली. "हे कुठनं कळलं तुम्हाला?"

मी मुकाट्याने फोन काढून ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी आधी तारीख वाचली.