तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ती वटवाघळं हलवायची कशी?’

ठाण्याचा घोडबंदर रोड असो की नवी मुंबईतलं नेरूळ-बेलापूर, आवारातल्या जुन्या रेन ट्रीवर फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचा थवा लटकत असलेल्या सोसायटीचे सेक्रेटरी हेच विचारतात. विचारताना मोबाईलवर फटाक्यासारखा आवाज काढणाऱ्या यंत्राची जाहिरात उघडी असते.

हलतात हो. पण जातात शेजारच्या झाडावर, आणि आवाज थांबला की परत येतात. यांच्याच चुलतभावंडांना मेलबर्नच्या वनस्पती उद्यानातून २००३ मध्ये आणि सिडनीच्या उद्यानातून २०१२ मध्ये आवाज करून उठवलं. त्यासाठी माणसं नेमली, पहाटे थवा परतायच्या वेळेला पहारे ठेवले. मेलबर्नची वटवाघळं ठरवून दिलेली जागा सोडून त्यांना पटलेल्या नदीकाठी जाऊन बसली. तुमच्याकडे वॉचमन एकच आहे, आणि तो पहाटे पंप चालू करत असतो.

‘मग फांद्या विरळ करतो, सावली गेली की बसणारच नाहीत.’ हा सल्ला एकेकाळी मीच द्यायचो. तो का बंद केला, ते एकदा नीट सांगतो.

ठाण्यातल्या एका सोसायटीने दोन धोकादायक फांद्यांची रीतसर परवानगी घेतली. कंत्राटदाराने कापल्या नऊ. महिना एप्रिल, वेळ सकाळी अकराची, हत्यार चेनसॉ. वटवाघळाला वर्षाला एकच पिल्लू होतं, आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते मे या काळात. पहिले काही आठवडे आई त्याला छातीशी घेऊन उडते. नंतर ते जड झालं की रात्री चरायला जाताना त्याला फांदीवरच ठेवते. चेनसॉ सुरू झाल्यावर आया उडाल्या. लहान पिल्लं आईबरोबर गेली. मोठी, पण अजून उडता न येणारी, फांदीला लटकून राहिली आणि फांदीबरोबरच पेव्हर ब्लॉकवर आली.

पण खरं नुकसान पुढचं होतं. दाट पानांखाली तापमान थोडं कमी असतं, त्या जोरावर हे जनावर आपला एप्रिल काढतं. पंख हलवून वारा घेतं, अंग चाटून ओलं करतं. सावली गेल्यावर उरलेली वटवाघळं खोडालगत एकावर एक दाटीने लटकली आणि दुपारी वरची टपाटप पडायला लागली. बाकीचा थवा मागच्या विंगच्या झाडांवर गेला, थेट घसरगुंडीच्या डोक्यावर. बिथरलेलं वटवाघूळ उडताना आधी पोट हलकं करतं, त्यामुळे तिथला वास आणि घाण पहिल्या जागेपेक्षा जास्त. जुन्या झाडाच्या कापलेल्या टोकांवर झाडूसारखे कोंब फुटले. असे कोंब वरच्या सालीलाच धरून असतात, पावसाळ्यात वजन वाढलं की सुटतात. त्यांतला एक जुलैत मोटारीच्या काचेवर आला. म्हणजे धोका कमी करायला घेतलेल्या कामाने नवा धोका आणला. आणि पावसाळा संपता संपता अर्धी वटवाघळं त्याच झाडावर परत!

छाटायचंच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा अंगावर पिल्लं नसतात. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने लागतेच. वाळलेल्या आणि भिंतीला घासणाऱ्या फांद्या तेवढ्याच घ्यायच्या, कडेकडून, हातकरवतीने, दोराने खाली सोडत. थवा उठला की काम थांबवायचं, तो बसल्यावर पुन्हा सुरू. ‘उपद्रवी प्राणी आहे, मारलं तरी चालतं’ हे आता कुणी सांगू नये. कावळा आणि उंदराबरोबर वटवाघळाला बसवणारं परिशिष्ट वन्यजीव कायद्यातून १ एप्रिल २०२३ पासून गेलं.

बाकी व्यवस्थापन खालच्या जमिनीचं. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथून पाच मीटरपर्यंत बाक, पार्किंग, खेळणी नकोत. जागाच नसेल तर उताराची शेड घाला. खोडाभोवती एक मीटर माती उघडी ठेवा. त्यापुढे पेव्हर काढून दहा सेंटीमीटर पालापाचोळा पसरा, विष्ठा त्यातच जिरते. सुकी विष्ठा झाडूने उडवू नका. आधी पाणी मारा, मग खरवडा, मास्क आणि हातमोजे घालून. गाडीवर पडली तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून पुसा, घासलंत तर रंगावर ओरखडे येतील. टाकीची झाकणं घट्ट हवीत. पावसाचं पाणी साठवत असाल तर पहिल्या सरीचं सोडून द्या.

निपाह विषाणूचं विचारणार, माहीत आहे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या ज्या वटवाघळांत पुण्याच्या विषाणू संस्थेला त्याच्या खुणा सापडल्या, ती वेगळी जात. पण केरळमधल्या साथीशी जिचा संबंध जोडला जातो ती हीच, तुमच्या झाडावरची. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून उष्टं, दात लागलेलं फळ उचलायचं नाही, आणि पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवायचं नाही. जाड टॉवेल टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, दूध पाजू नका, वन विभागाला १९२६ वर कळवा. चावलं, ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा.

हे सगळं केलंत तरी वास राहतो, विशेषतः पावसाळ्यात, नरांच्या माजाच्या दिवसांत. पहिल्या मजल्यावरच्या आजींना दमा आहे, त्यांना मी काय सांगू? खिडकीला जाळी आणि पडदा, एवढंच सुचवलं. त्यांना ते पटलेलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.