बुशचा बोल्ट गाडी चाकावर उभी असतानाच आवळा

नवीन लोअर आर्म (पुढचं चाक खालून चेसिसला जोडणारा दांडा) टाकून वर्ष होत नाही तोच पुढच्या चाकातून पुन्हा कटकट, ही तक्रार लातूर, परभणी, जालना, कुठल्याही गॅरेजच्या दारात ऐकू येते. दोष एक तर पार्टवर जातो, नाही तर रस्त्यावर. पण आर्मला चेसिसवर धरणाऱ्या कितीतरी रबरी बुशांचं आयुष्य बसवतानाच अर्धं झालेलं असतं. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय आणि त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट गच्च आवळलेले. घरी काम करणाऱ्यानं बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि दोन्हींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसच्या दोन कानांमध्ये पक्की धरली जाते. ती फिरत नाही, फिरायलाही नको. आर्म वर-खाली होतो तेव्हा पीळ बसतो तो रबराला. चाक हवेत असताना आर्म सहा-सात सेंटीमीटर खाली झुकलेला असतो. आर्मची लांबी 30 सेंटीमीटर धरली तर हा 12-13 अंशांचा फरक झाला. तिथं बोल्ट आवळून गाडी खाली घेतली की तेवढा पीळ रबरात कायमचा राहतो. गाडी दारात नुसती उभी असली तरी रबर पिळलेलंच असतं, आणि खड्ड्याचा ताण त्याच्यावर आणखी. मग रबर नळीपासून सुटतं किंवा आडवं फाटतं.

आपल्याकडचे रस्ते ही चूक लवकर उघडी पाडतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरून गेलेला डांबरी रस्ता थोड्याच वर्षांत लाटालाटांचा होतो. साईडपट्टी खचलेली असते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला की डावी चाकं डांबरावरून खाली उतरवावीच लागतात. एक चाक वर आणि दुसरं खाली, ही हालचाल लिंक रॉडला, म्हणजे गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या रोल बारला चाकाशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याला, आणि बुशांना सगळ्यात जास्त खाते. त्यात चिखल. आर्मचं टोक चाकाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटचं रबरी बूट चिरलं की ही बारीक चिकण माती आत शिरते, ग्रीस बाहेर येतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जॉइंट खुळखुळा होतो. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावं, सकाळी दहाच्या आत, नाही तर पाने हातात धरवत नाहीत.

आधी नेमकं काय गेलंय ते शोधा. अंदाजानं पार्ट बदलत जाणं हा सगळ्यात महागडा मार्ग. पुढचं चाक उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. प्ले (ढिलाई) जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवल्यावर खटखट आली तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) किंवा स्टेअरिंग रॅक. बुश नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. आर्म आणि चेसिसच्या मध्ये छोटी पहार घालून हलकेच दाबा, रबरातली चीर उघडते. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्सवरून पुढे निघताना एकच जाड ‘ठक’ येत असेल तर आर्मचा मागचा बुश आधी बघा.

लिंक रॉड ओळखायची एक सोपी खूण आहे. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर सरळ चढवली तर आवाज कमी, आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की कटकट जास्त, असं असेल तर बहुधा लिंक रॉड. कारण रोल बारला काम लागतं ते दोन चाकांच्या उंचीत फरक पडल्यावर. मारुती 800 आणि 2012 पर्यंतच्या अल्टोला मात्र वेगळी लिंक रॉड नसते. रोल बारची टोकंच लोअर आर्ममध्ये रबरांवर बसतात आणि आर्म पुढे-मागे सरकू नये हे कामही तोच बार करतो. त्या गाड्यांत ही टोकाची रबरं गेली की ब्रेक मारल्यावर चाक मागे ओढल्यासारखं होतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण्ण’ करून उडी मारत असेल तर स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र खांबाच्या) वरच्या माउंटचं बेअरिंग गेलेलं आहे. शॉकअपच्या दांड्याखाली ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर पुढचं तपासायची गरज नाही.

पार्ट घेताना बॉल जॉइंटसकट आख्खा आर्म घ्यायचा की नुसते बुश, हा प्रश्न येतोच. आर्म वाकलेला नसेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर नुसते बुश पुरतात, पण ते घरी हातोडीनं ठोकून बसवू नका. कडा दुमडतात आणि आर्मचं भोक ओव्हल होतं. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये किंवा लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो, तिथून दाबून आणा. जुना बुश काढायच्या आधी तो कुठल्या दिशेला बसला होता त्याची आर्मवर खूण करा. मागच्या बुशाच्या रबरात मुद्दाम सोडलेल्या फटी असतात आणि त्यांची दिशा चुकली की गाडी ब्रेकवर भरकटते. प्रेस करताना साबणाचं पाणी लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, खनिज तेलानं रबर फुगून मऊ पडतं. आवाज बंद व्हावा म्हणून बुशावर जळकं ऑइल मारायची सवय याच कारणानं वाईट. शॉकअप घ्यायचे तर जोडीनं घ्या, सोबत बंप स्टॉप, धूळ अडवणारं बूट आणि माउंटही नवं. तेल भरून ‘रिपेअर’ केलेले शॉकअप घेऊ नका. आतला वॉल्व्ह झिजलेला असतो, तो तेलानं नीट होत नाही.

आदल्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. वाळलेली काळी माती बोल्टच्या डोक्यावर दगडासारखी बसते आणि गोटी पाना पूर्ण बसत नाही, मग डोकं गोल होतं. रात्री सगळ्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. कोकणातल्या गाड्यांसारखा गंज इथं नसतो, एवढी एक सोय आपल्याला आहे.

गाडी फरशीवर किंवा कोब्यावर घ्या. अंगण मातीचं असेल तर जॅकखाली आणि घोडीखाली (गाडी टेकवायच्या स्टँडखाली) कमीत कमी दीड इंच जाडीची फळी हवी. वरून टणक दिसणारी माती वजनाखाली हळूहळू खचते आणि घोडी तिरकी होते. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली कधीही नकोत, ते तडा न दाखवता एकदम फुटतात. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा वेढा सैल करा. आता टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर उभं मोजा. ते खडूनं फरशीवर लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचं वेगळं. याचा उपयोग शेवटी आहे.

दोन्ही पुढची चाकं एकदम उचला, दोन घोड्यांवर घ्या. एकच बाजू उचलली तर रोल बार पिळलेला राहतो आणि बॉल जॉइंट सुटताच आर्म उसळून हातावर येतो. घोड्यांवर गाडी ठेवल्यावर जोरात हलवून बघा. ती हलायचीच असेल तर तुम्ही खाली नसताना हलू दे. काढलेलं चाक सिलखाली (दाराखालच्या पट्टीखाली) आडवं सरकवून ठेवा.

पहिली लिंक रॉड. नट फिरवताना आतला दांडा सोबत फिरतो, म्हणून त्याच्या टोकाला असलेल्या षट्कोनी खाचेत ॲलन की घालून धरा आणि नट रिंग पान्यानं सोडवा. खाच मातीनं भरलेली असते. सुईनं कोरून साफ केली नाही तर की निसटून खाच बाद होते आणि मग ग्राइंडरच लागतो. यानंतर बॉल जॉइंट. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत त्याची दांडी नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) भोकात एका आडव्या बोल्टनं आवळलेली असते. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांडीच्या खाचेतून जातो. नकलच्या फटीत छिन्नी हलकेच बसवून फट जराशी उघडा, आर्मवर लांब पहार टाकून खाली दाबा, जॉइंट सुटतो. निमुळत्या दांडीचा आणि वरून नट असलेला जॉइंट असेल तर नट टोकापर्यंत आणून ठेवा आणि नकलच्या कानावर बाजूनं दोन जोरदार घाव घाला. दांडीच्या आट्यांवर मारायचं नाही. जॉइंट सुटल्यावर नकल बाहेर ओढू नका, ड्राईव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. कॅलिपर काढला तर तारेनं स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या होजवर लटकवू नका.

शॉकअपही बदलायचे असतील तर नकलच्या दोन बोल्टच्या आधी कडेनं रंगानं खूण करा. भोकांत थोडी ढिलाई असते आणि तेवढ्यानं चाकाचा कल बदलतो. वरचा मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय उघडायचा नाही. स्प्रिंगमध्ये साठलेला जोर हाड मोडण्याइतका असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन हुक अगदी समोरासमोर लावून, आळीपाळीनं दोन-दोन वेढे आवळायचे, आणि तोंड कधीही दांड्याच्या रेषेत ठेवायचं नाही. खरं सांगायचं तर हा एक भाग घरी करूच नये असं माझं मत आहे. स्ट्रट घरी काढा आणि भिंतीवरचा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजवर स्प्रिंग बदलून आणा. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, आडवा पडून राहिल्यानं आत अडकलेली हवा निघते. चकचकीत दांडा पकडीनं धरू नका. एक ओरखडासुद्धा ऑइल सील कापतो. स्प्रिंगचं टोक खालच्या ताटलीतल्या पायरीला नीट टेकलंय ना ते बघा.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं तीन-चार आटे लावा. बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट हातानं सरकला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर दांडी पूर्ण वर गेलेली नाही. तो बोल्ट आणि निमुळत्या दांडीचा नट आत्ताच पूर्ण आवळा, तिथं रबराचा पीळ नाही. नायलॉन असलेले नट नवे वापरा. आर्मचे बुशचे बोल्ट मात्र फक्त टेकवून ठेवा.

आता खडूचा आकडा. छोट्या गाडीखाली, ती चाकांवर असताना, टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळणारा पाना) फिरवायला जागा नसते. म्हणून आर्मच्या टोकाखाली, बूटला धक्का न लागेल असा, लाकडाच्या ठोकळ्यावर जॅक लावा आणि हबचा मध्य ते मडगार्ड हे अंतर लिहिलेल्या आकड्याइतकं होईपर्यंत वर घ्या. गाडी घोडीवरून उचलली जायला लागली तर थांबा. तसं होत असेल तर दोन्ही बाजूंचे जॅक सोबत वर घ्यावे लागतील, किंवा चाकं लावून ती जाड फळ्यांच्या थरावर उतरवावी लागतील. अंतर जुळलं की तिथंच आर्मचे दोन्ही बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. स्प्रिंग बसून गाडी खाली आलेली असेल, किंवा स्प्रिंगही नवी टाकली असेल, तर जुना आकडा चालत नाही. मग गाडी फळ्यांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला, बॉनेट दोन-चारदा दाबा आणि त्या उंचीला आवळा. लिंक रॉडचे नट दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असतानाच.

गाडी चालू करण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबून घ्या, कॅलिपरचा पिस्टन मागे गेलेला असतो. एबीएसची वायर आणि होज पूर्वीच्याच क्लिपमध्ये आहेत का ते स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या. एवढं करूनही कटकट राहिली तर नवे पार्ट उघडायच्या आधी रोल बारला चेसिसवर धरणारे डी आकाराचे बुश, कॅलिपरच्या पिना आणि स्ट्रटचा वरचा नट बघा. मागच्या ट्रेलिंग आर्मच्या बुशांनाही उंचीचा हाच नियम लागतो, फक्त तिथं अंतर गाडी रिकामी असताना मोजा, डिकीत खताच्या गोण्या असताना नव्हे.