सतरा नंबरच्या बाकावर

तो शब्द माझ्या तोंडून मराठीत गेला म्हणूनच पुढचं सगळं झालं. हिंदीत बोललो असतो तर मुलगा पेपर लिहून निघून गेला असता, असं अजूनही वाटतं.

मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. रविवारी भरती परीक्षांची ड्यूटी लागते. लोकांना वाटतं, वीक्षक म्हणजे तीन तास पंख्याखाली उभा राहणारा माणूस. खरं काम पहिल्या वीस मिनिटांत असतं आणि ते फोटो बघण्याचं नसतं. हल्ली दोघांचे चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळतात. फॉर्मवर जो तिसरा चेहरा चिकटतो, तो खऱ्या उमेदवारासारखाही दिसतो आणि त्याच्या जागी बसणाऱ्यासारखाही. म्हणून मी सही होताना हात बघतो. स्वतःची सही माणूस ओढतो, दुसऱ्याची काढतो. सतरा नंबरच्या मुलाने ती काढली, अक्षर न् अक्षर, वर शिरोरेघसुद्धा जपून दिली.

बायोमेट्रिकवाल्या पोराने त्याला पुढे सोडलं होतं. “सर, सर्व्हर स्लो है.” सर्व्हर स्लो असला की आमच्याकडे सगळे जण खरे असतात.

मी त्याला वडलांचं नाव, जन्मतारीख, गाव, पिनकोड विचारला. सगळं फाडफाड सांगितलं. खरा उमेदवार पिनकोड विचारला की क्षणभर तरी छताकडे बघतो. शेजारी संस्कृतच्या मॅडम उभ्या होत्या, आमच्यातल्याच. त्यांना हळूच म्हटलं, “हा तोतया वाटतोय.”

हॉलमध्ये चाळीस मुलं होती. मान एकानेच वर केली. प्रवेशपत्रावर नाव होतं थेट भिंडकडचं, पक्क्या हिंदी मुलखातलं.

इथे सगळे ‘मुन्नाभाई’ म्हणतात; पेपरवालेही तेच छापतात. मला तो शब्द आवडत नाही, त्यात कौतुक आहे. ठग पैसे घेऊन पळतो, बहुरूप्याचं सोंग बघणाऱ्याला ठाऊक असतं. तोतयाचं तसं नाही. तोतया व्हायला आधी एक खरा माणूस लागतो, आणि तो जागेवर नसावा लागतो. मराठी मनात हा शब्द ठसला तो पानिपतानंतर. 14 जानेवारी 1761 ला सदाशिवरावभाऊ पडले. पण ते गेले हे मानायला कित्येक जण तयार नव्हते. पार्वतीबाईंनी तर 1783 मध्ये डोळे मिटेपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. त्या रिकाम्या जागेवर सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणून येऊन बसला. पकडला गेला, किल्ल्यावर कैदेत राहिला, रत्नागिरीहून सुटला आणि 1776 मध्ये कोकणात त्याने बंड केलं. माणसं त्याला मिळाली, किल्लेही मिळाले. ते मोडायला महादजी शिंद्यांना जावं लागलं. पुढे पुण्यात त्याला देहदंड झाला. त्याच शिंद्यांच्या वारसांनी वसवलेल्या लष्करात मी हे वर्गात दर वर्षी शिकवतो, आणि पोरं दर वर्षी हसतात.

मुलाला केंद्राध्यक्षांच्या खोलीत नेलं. मी सरळ मराठीत विचारलं, “कुठला रे तू?”

“बुऱ्हाणपूर.” मग लगेच, “सर, मराठी आजीकडून येते.” जणू तेवढीच चूक झाली होती.

ज्याच्या नावाने आला होता त्याला तो एकदाच भेटला होता, फोटो काढायला. स्वतः दोनदा हीच परीक्षा देऊन काठावर राहिलेला. पैसे किती ठरले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बूट नवे होते, मोजे मात्र टाचेला फाटलेले. केंद्राध्यक्ष मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होते, वर पाठवायला; ते मला मुळीच पटलं नाही, पण मी गप्प बसलो.

ठाण्यातून आलेल्या दरोगाजींना मी ‘तोतया’ शब्द सांगितला. ते म्हणाले, “तोता? रटा हुआ बोलता है, इसलिए?” आणि खूश झाले. कागदावर मात्र त्यांनी ‘प्रतिरूपण द्वारा छल’ असं लिहिलं. मुलाने ते उलट्या बाजूने वाचलं आणि मला विचारलं, “सर, म्हणजे तेच ना, तुम्ही म्हणालात ते?”

मी हो म्हटलं.

संध्याकाळी हजेरीपत्रक बंद करायचं होतं. सतरा नंबरपुढे दोनच रकाने, उपस्थित आणि अनुपस्थित. खरा मुलगा दिवसभर केंद्राच्या आसपाससुद्धा फिरकला नव्हता. कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, “ओएमआर आन्सरशीट दी थी ना? तो उपस्थित भरिए.”

मी उपस्थितवर टिक केली. खाली वीक्षकाची सही करायची होती, ती मात्र मी त्या दिवशी नीट बघून केली.