तुम्ही विचारलंत म्हणून : बावीस हजारांत पुण्यात भागेल का?

गेली तेवीस वर्षे मी पुण्यात, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे पगारपत्रक करण्याचे काम करतो. त्यामुळे दरवर्षी जून-जुलैत लातूरकडच्या नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे फोन ठरलेले असतात. पोराला किंवा पोरीला पुण्यात नोकरी लागलेली असते, पगार बावीस हजार सांगितलेला असतो आणि प्रश्न एकच असतो, ‘भागेल का?’ फोनवर मी ‘भागेल हो’ म्हणून मोकळा होतो. ते खोटे नसले, तरी अर्धेच उत्तर आहे, म्हणून उरलेले येथे लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की बावीस हजार हा पगार नसून त्या मुलामागे कंपनीला येणारा खर्च असतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने नेमणूकपत्र आणून माझ्यासमोर ठेवले, तेव्हा त्यात मूळ वेतन १२,००० होते. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, ५७७ रुपये ग्रॅच्युइटीची (दीर्घ नोकरीनंतर मिळणाऱ्या रकमेची) तरतूद आणि ६२९ रुपये कर्मचारी राज्य विमा योजनेचा कंपनीचा वाटा, हे सगळे त्या बावीस हजारांतच धरलेले होते. उरलेल्या १९,३५४ मधून त्याचा स्वतःचा निधीचा वाटा पुन्हा १,४४०, विम्याचे १४६ आणि व्यवसाय कराचे २०० कापले जाऊन हातात पडणार होते १७,५६८. निधीचे पैसे बुडत नाहीत, त्याच्याच नावावर साठतात. विम्याचा उपयोगही मोठा आहे, कारण त्यात उपचार मिळतात, पण बरीच मुले त्याचे ओळखपत्र काढूनही घेत नाहीत आणि ताप आला की खासगी दवाखान्यात पाचशेची नोट देऊन येतात. काही असले तरी घरभाडे हातात पडलेल्या पैशांतूनच द्यावे लागते, म्हणून हिशेब साडेसतरा हजारांपासून सुरू करावा.

भाच्याने चिंचवडला दोघांबरोबर खोली घेतली. भाडे १२,०००, म्हणजे त्याच्या वाट्याला ४,०००. दोन वेळची खानावळ ३,६००. सकाळचे पोहे, दोन चहा आणि कधीतरी वडापाव मिळून दीड हजार. बसचा मासिक पास जून २०२५ पासून १,५०० झाला आहे. मोबाइलचे साडेतीनशे; हे रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचे असते, म्हणजे वर्षात बारा नव्हे तर तेरा वेळा करावे लागते, हे कोणी लक्षात घेत नाही. साबण, तेल, इस्त्री, केस कापणे वगैरे नऊशे. बेरीज होते ११,८५०. शिल्लक ५,७०० च्या आसपास, आणि त्यातले दोन हजार तो आईला पाठवतो. महिना भागला.

खानावळीबद्दल थोडे सांगतो, कारण काटकसर म्हणजे काय ते तिथे दिसते. मावशींकडे महिन्याचे पुठ्ठ्याचे कार्ड असते, त्यावर दोन्ही वेळचे चौकोन आखलेले, आणि जेवण झाले की चौकोनावर फुली पडते. रविवारी रात्री खानावळ बंद, म्हणजे ती रात्र बाहेरच्या खर्चाची. गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगितले तरच खाडा धरला जातो. न सांगता गेलात तर न जेवलेल्या जेवणाचीही फुली पडते. भाचा पहिल्या महिन्यात असे सात खाडे हरला. तेव्हापासून तो शनिवारी गावाला निघायच्या आधी, शुक्रवारीच मावशींना कार्ड दाखवून खाडे लिहून घेतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच शिकलो होतो, मात्र तेवढ्याने फार पैसे वाचतात असा माझा दावा नाही.

खरी अडचण महिन्याची नाही, पहिल्या दोन महिन्यांची आणि मग वर्षाची आहे. भाचा १६ जूनला रुजू झाला. घरमालकाने तीन महिन्यांचे डिपॉझिट मागितले, त्यातला त्याचा वाटा १२,०००. एजंटची एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, वाट्याला ४,०००. जूनचे भाडे अर्धे नव्हे, पूर्ण. खानावळीचे पैसे आगाऊ, पास आगाऊ, गादी-बादली-कुलूप अडीच हजारांचे. पहिला पगार ७ जुलैला आला तो पंधराच दिवसांचा, सुमारे ८,७००. आणि जुलैचे भाडे एक तारखेलाच द्यायचे होते. पूर्ण पगार खात्यात दिसला ७ ऑगस्टला, म्हणजे घर सोडल्यापासून पन्नासहून अधिक दिवसांनी. या काळात ज्याच्या मागे कोणी उभे नाही, त्याला पगार कमी आहे म्हणून नव्हे, तर पगार उशिरा येतो म्हणून नोकरी सोडून परत गेलेले मी पाहिले आहे. पगारपत्रक बंद करायची तारीख पंचवीस असेल आणि मुलगा सव्वीसला रुजू झाला, तर पहिल्या पैशासाठी सहा आठवडे थांबावे लागते. तेव्हा रुजू होण्यापूर्वी ती तारीख विचारायला लाजू नये.

मुलींचा हिशेब थोडा वेगळा पडतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर लागत नाही आणि मार्च २०२३ पासून एसटीचे तिकीट निम्मे झाले आहे. पण शेजारच्यांच्या मुलीला राहण्याची सुरक्षित जागा सात हजारांखाली मिळाली नाही, आणि त्या सवलती त्यातच जिरल्या. शिवाय तिच्या अभियांत्रिकीसाठी काढलेले चार लाखांचे शैक्षणिक कर्ज होते. अशा कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तरी हप्ता ५,३०० च्या घरात जातो. भाच्याच्या हिशेबात जी शिल्लक उरली होती, तिच्याजवळपास हा आकडा येतो. म्हणून कर्ज असेल तर माझे उत्तर ‘भागणार नाही’ असे आहे, आणि ते मी फोनवरही स्पष्ट सांगतो. त्या मुलीचे वडील दोन वर्षे हप्ता भरणार आहेत. म्हणजे कंपनीला स्वस्तात मिळालेल्या अभियंत्याच्या पगारात शेतकऱ्याची भर पडते आहे. मोठ्या आयटी कंपन्यांतही नवशिक्यांचे सर्वसाधारण पॅकेज दहा वर्षांहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळले आहे, त्यामुळे हे केवळ लहान कारखान्यांचे दुखणे नाही.

वर्षाचे खर्च तर पत्रकात कुठेच नसतात. दिवाळीला रिकाम्या हाताने घरी जाता येत नाही. चुलतभावाचे लग्न निघते, पावसाळ्यात बूट फाटतात, मोबाइलची काच फुटते, आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की भाडे वाढते. महिन्याला उरणारे साडेतीन-पावणेचार हजार यातच जातात. याला भागणे म्हणायचे तर म्हणावे, पण याच्यातून काही साठेल अशी आशा मात्र ठेवू नये.

माझ्या बहिणीने विचारले होते, ‘दादा, त्याच्याजवळ किती देऊन पाठवू?’ मी बेरीज करून पस्तीस हजार सांगितले. तिने ते सोयाबीनच्या पैशांतून बाजूला काढले आणि विचारले, की परत कधी करील तो? मी म्हणालो, दिवाळीपर्यंत. मग थोडे थांबून सांगितले, की पुढच्या वर्षीच्या.