लेसिग यांनी विषय का बदलला?

लातूरच्या विधी महाविद्यालयात मी बौद्धिक संपदा कायदा शिकवते. त्या दिवशी तृतीय वर्षाच्या वर्गात ‘एल्ड्रेड विरुद्ध ॲशक्रॉफ्ट’ हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातला खटला घेतला होता. अमेरिकी काँग्रेसने १९९८ साली कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवली आणि ही वाढ जुन्या साहित्यालाही लागू केली. वाढीव मुदतीमुळे मृत लेखक काही नवे लिहिणार नसतो, हे उघड असूनही आणि पाच नोबेल विजेत्यांसह १७ अर्थतज्ज्ञांनी या वाढीविरुद्ध न्यायालयात निवेदन देऊनही, ही वाढ रद्द व्हावी म्हणून लढणारे कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग जानेवारी २००३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हा खटला हरले.

मी पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोच रेणापूरहून एसटीने येणारा एक विद्यार्थी भारतीय कॉपीराइट कायद्याच्या बेअर ॲक्टमधल्या (मूळ कलमांच्या पुस्तिकेतल्या) कलम २२ वर बोट ठेवून उभा राहिला. “मॅडम, आपल्याकडं बी पन्नासाची साठ वर्षं केलीच की. एवढं सरळ हाय, तर निवडून दिलेल्या लोकांला का कळंना?”

अभ्यासक्रमात नसलेला हा प्रश्न मला टाळावासा वाटला नाही, कारण याच प्रश्नापाशी लेसिग यांनी आपले क्षेत्र बदलले होते. आपले साहित्य इतरांना मोकळेपणी वापरू देणारे परवाने तयार करणाऱ्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे सहसंस्थापक आणि इंटरनेट कायद्यातले अग्रगण्य अभ्यासक असा लौकिक असताना, जून २००७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, यापुढे आपण भ्रष्टाचाराचा अभ्यास करणार असल्याचे त्यांनी जाहीर केले. पाकिटातून दिलेली लाच त्यांना अभिप्रेत नव्हती. निवडणुकीच्या खर्चासाठी देणगीदारांवर अवलंबून राहावे लागणारा लोकप्रतिनिधी सरळ गोष्टीतही चुकीचा निर्णय कसा घेतो, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी याच विषयावर संशोधन उभे केले.

“हरले म्हणून मैदान सोडलं, असंच झालं ना मॅडम?” पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीने विचारले. मला ते मान्य नाही. मुदत ठरवणारे सभागृहच देणगीदारांच्या ओझ्याखाली असेल, तर कॉपीराइटवर कितीही बिनतोड युक्तिवाद केला तरी तो तिथे पोहोचत नाही. हे ओळखून, कमावलेले प्रभुत्व बाजूला ठेवून, नवख्या विषयाची बाराखडी गिरवायला बसणे याला मी धैर्य मानते. शिवाय कॉपीराइटची मुदतवाढ रोखण्याची चळवळ थांबली नाही. अमेरिकी काँग्रेसने मुदत पुन्हा वाढवली नाही आणि १ जानेवारी २०१९ रोजी १९२३ सालचे साहित्य तिथे सर्वांसाठी खुले झाले.

रेणापूरच्या त्या विद्यार्थ्याने मग राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देता येणाऱ्या निवडणूक रोख्यांचा विषय काढला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराच्या माहितीच्या हक्कावर बोट ठेवून ती योजना रद्द केली होती. तो निकाल संविधानाच्या पेपरचा असला, तरी पुढच्या तासाला तोच वाचायचा, असे आम्ही ठरवले.