अण्णांची पेन्शन आईच्या नावावर होईपर्यंत

अण्णा २०२४ च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर आईला फॅमिली पेन्शन सुरू होईपर्यंत काय काय करावं लागलं ते लिहून ठेवतेय. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगावी फौजींची घरं आहेत, आणि हा रस्ता प्रत्येक घर पहिल्यापासून चाचपडत शोधतं.

आधी थोडं घराविषयी. अण्णा १९७५ ला शिपाई म्हणून भरती झाले आणि सतरा वर्षं भरून १९९२ ला नाईक म्हणून घरी आले. तेव्हा त्यांचं वय होतं ३६. रिटायर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पिकलेले केस येतात, पण जवान पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. मी तेव्हा चौथीत होते, भाऊ बालवाडीत. पगाराच्या जागी निम्म्याची पेन्शन आली आणि खर्चाची खरी वर्षं तिथूनच सुरू झाली. मग अण्णांनी पुढची वीसेक वर्षं सुरक्षारक्षक म्हणून काढली, आधी कारखान्याच्या गेटवर, नंतर एटीएमच्या बाहेर. हिरवी वर्दी गेली, निळी आली.

नोकरीत होते तेव्हाही सुबत्ता नव्हतीच. फील्डला पोस्टिंग असलं की कुटुंब नेता येत नाही, म्हणजे वर्षानुवर्षं दोन ठिकाणचा संसार. युनिटमध्ये रेशन फुकट मिळायचं, पण ते त्यांच्या एकट्याचं. घरी यायची ती मनिऑर्डर. तिच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची, त्यात अण्णा हटकून ‘दुकानदाराचे आधी द्या’ असं लिहायचे. आज सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० आणि महागाई भत्ता. अण्णांच्या काळापेक्षा पुष्कळच बरं आहे. तरी आईबाप गावात, बायको-मुलं शाळेपायी तालुक्याला खोली घेऊन आणि नवरा सीमेवर, अशा तीन ठिकाणी तो पगार वाटला गेला की त्याचं काय होतं ते फौजीच्या बायकोला विचारावं.

अण्णा गेल्यावर बाराव्यालाच चुलत्यांनी मला बाजूला घेतलं. “दोन-तीन महिने कुणाला काय कळवू नको. तेवढीच पेन्शन येत राहील, आईला आधार.” हा सल्ला बहुतेक घरांत कुणीतरी देतंच. तो ऐकू नये. मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच पेन्शन अण्णांची, दुसऱ्या दिवसापासून आईची फॅमिली पेन्शन. मधे चुकून जमा झालेला पैसा सरकार परत घेतं, तोही नेमका हात रिकामा असताना. शिवाय फॅमिली पेन्शनचा हक्क उशिरा कळवल्यामुळे बुडत नाही, पण हातात यायला मात्र तेवढाच उशीर होतो.

आता संरक्षण खात्याच्या पेन्शनचा कारभार ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर चालतो. पेन्शन मंजूर करणारं मुख्य कार्यालय प्रयागराजला आहे. जुने पेन्शनरही बँकांकडून हळूहळू स्पर्शवर घेतले गेले. अण्णांचंही खातं तिथे उघडलं होतं, पण लॉगिनचा मेसेज त्यांच्या बटणाच्या मोबाईलवर आला होता आणि त्यांनी तो कुणाला दाखवला नव्हता. त्या फोनचं सिम भावाने दहाव्याच्या आतच बंद करायला काढलं होतं, म्हणे आता कशाला रिचार्ज मारायचा. मी थांबवलं म्हणून बरं, कारण लॉगिनचा ओटीपी त्याच नंबरवर येत होता. माणूस गेल्यावर त्याचा फोन सहा महिने तरी चालू ठेवा, हे मी आता ओळखीतल्या सगळ्यांना सांगत फिरते.

कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये बसून मृत्यूची नोंद केली, दाखला चढवला, आईचं आधार, पॅन, पासबुक, फोटो, अण्णांचा पीपीओ, सगळं दिलं. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. अण्णांनी तो लोखंडी ट्रंकेत, फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. इथवर मला वाटत होतं की फौजेचं काम, शिस्तीत होईल.

अर्ज परत आला. पीपीओवर पत्नीचं नाव सुमन. आधारवर, बँकेत, मतदार यादीत, रेशन कार्डावर लक्ष्मी.

आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात, हे वेगळं सांगायला नको. आई माहेरची सुमन, १९८० पासून सासरची लक्ष्मी. अण्णांनी लग्नानंतर युनिटमध्ये नोंद केली तेव्हा लग्नपत्रिकेवरचं नाव दिलं. फौजेत लग्न, मुलांचे जन्म, पत्ता, जे काही घडेल ते ‘पार्ट टू ऑर्डर’ने नोंदलं जातं, आणि त्या नोंदीत जे नाही ते फौजेच्या लेखी घडलेलंच नसतं. तेव्हा रेकॉर्डप्रमाणे अण्णांची बायको सुमन, आणि पेन्शन मागणारी लक्ष्मी ही कुणीतरी दुसरीच बाई. नियम म्हणून मला तो चुकीचा वाटत नाही. खोट्या बायका उभ्या करून पेन्शन लाटू नये म्हणूनच ही खबरदारी. पण चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला ‘तुम्ही कोण’ हे सिद्ध करायला लागलं तेव्हा आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

नंतरचा सगळा धडा आम्हाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळाला. माजी सैनिकाच्या घरात कुणी गेलं तर पहिल्यांदा तिथेच जावं, ऑनलाइन नंतर. तिथले कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “वहिनी, नावाची केस आमच्याकडे रोजचीच. कागद गोळा करू, घाबरू नका.” मग मला एका पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली: सुमन आणि लक्ष्मी ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. तशीच जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, एक मराठी, एक इंग्रजी. ग्रामपंचायतीचा आणि पोलीस पाटलांचा दाखला. अण्णा-आईचा एकत्र फोटो, साक्षांकित. आणि शक्य असेल तर माहेरच्या नावाचा एखादा जुना सरकारी कागद.

शेवटच्या ओळीनेच सगळ्यात जास्त काम केलं. आई चौथीपर्यंत शिकली होती एवढं माहीत होतं. मामाला घेऊन तिच्या माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. साठ-सत्तरच्या दशकांतली पानं उलटता उलटता नाव सापडलं, वडिलांच्या नावासकट आणि जन्मतारखेसकट. त्याचा उतारा शिक्क्यानिशी मिळाला. रेकॉर्डमध्ये आईची जन्मतारीखच नव्हती, तीही यामुळे भरता आली. ही तारीख बायकांनी हलक्यात घेऊ नये. वय ८० झालं की फॅमिली पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, आणि पुढे चढत जाऊन शंभरीला शंभर टक्के. तारीखच नसेल तर ऐंशी कधी झाली हे ठरवणार कोण?

गावात काहींनी राजपत्रात नाव बदलून घ्या असंही सुचवलं होतं. आम्ही ते केलं नाही आणि आम्हाला लागलंही नाही. आईने नाव बदललं नव्हतं, ते लग्नात बदललं गेलं होतं, आणि तेवढं सांगायला प्रतिज्ञापत्र पुरलं. जाहिरातीचा मात्र भुर्दंड बसला. इंग्रजी पेपरच्या दोन इंचांचे पैसे भरताना आईने विचारलं, “हे कोण वाचणार गं?” कुणीच नाही, पण कात्रण लागतं.

ती फाईल सैनिक कार्यालयाच्या पत्रासह अण्णांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला गेली. तिथून नाव दुरुस्त होऊन प्रयागराजला, आणि तिथून सुधारित पीपीओ. सांगायला तीन वाक्यं, घडायला कित्येक महिने. या काळात फाईल कुठे आहे हे विचारताना जावक क्रमांक आणि तारीख सांगितली की समोरच्या माणसाचा आवाज बदलतो, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या फोनलाच उमगलं. ‘सर, जरा बघा ना’ याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेचं अमुक नंबरचं पत्र’ याला मिळतं.

आणि या महिन्यांत घर कशावर चालत होतं? अण्णांनी भावाच्या टेम्पोसाठी पेन्शनवर कर्ज काढलेलं होतं. पेन्शन थांबली, हप्ता थांबला नाही. आई त्या कर्जाला जामीन. बचत गटातून आईने उचल घेतली, भावाने टेम्पोच्या फेऱ्या वाढवल्या, मी पुण्याहून जमेल तसं पाठवत होते. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, ते मला फार उशिरा कळलं. रक्तदाबाच्या गोळ्या ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून येत होत्या म्हणून तेवढा खर्च वाचला. २००३ मध्ये सुरू झालेली ही माजी सैनिकांची आरोग्य योजना नसती तर या गोष्टीला निराळंच वळण लागलं असतं.

मी सैनिक कार्यालयात मधल्या काळापुरतं काही अनुदान मिळेल का म्हणून विचारलं. केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्धन अनुदान आहे, पण ते ज्यांना पेन्शनच नाही अशांसाठी: हवालदार आणि त्याखालचे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा, वय ६५ च्या पुढे. आई पेन्शनवाली, फक्त पेन्शन हातात न आलेली. या मधल्या खड्ड्याला कुठल्याच योजनेचा रकाना नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. हक्क वादात नाही, दुरुस्ती चालू आहे, हे सरकारलाही माहीत असतं. मग निदान किमान पेन्शनइतकी रक्कम तात्पुरती चालू ठेवून नंतर वळती करायला काय हरकत आहे?

त्या चौकशीचा फायदा शेजारच्या काकूंना झाला. त्यांचे यजमान नऊ वर्षं नोकरी करून घरच्या अडचणीमुळे परतलेले. पंधरा वर्षं भरली नाहीत, त्यामुळे पेन्शन नाही. काका वारले, काकू सत्तरीच्या, शेळ्या राखतात. हे अनुदान दरमहा ४,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते ८,००० केलं. त्यांना डिस्चार्ज बुक सापडत नव्हतं, ते धान्याच्या कणगीमागे निघालं.

शेवटी आईची पेन्शन मंजूर झाली. थकबाकी एकदम आली. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते आणि जवानाची स्वतःची असते ५० टक्के, म्हणजे ढोबळमानाने अण्णांना पाच रुपये मिळायचे तिथे आईला तीन. निवृत्त जवान ६७ च्या आत गेला तर काही वर्षं वाढीव दराने मिळते, पण अण्णा ६८ चे होते. किमान मूळ फॅमिली पेन्शन ९,०००, जुलै २०२५ च्या ५८ टक्के महागाई सवलतीसह ती १४,२२० होत होती. आईची याहून थोडी जास्त आहे. पण घरातलं एक माणूस गेलं म्हणून विजेचं बिल आणि टेम्पोचा हप्ता पाचाचा तीन होत नाही.

माझा मामेभाऊ २०२३ ला अग्निवीर झाला. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले २१,००० हातात, बाकीचे सेवा निधीत. चार वर्षांनी जास्तीत जास्त चारातला एक कायम होणार, उरलेल्यांना एकरकमी पैसे, पेन्शन नाही. मामी मला म्हणाली, “तुझ्या आईला हे कागद तरी धुंडाळायला मिळाले.” मला उत्तर सुचलं नाही.

थकबाकीतून आईने पहिल्यांदा किराणा दुकानदाराची उधारी फेडली, मग बचत गट, मग पाटल्या. सध्या दोन कामं बाकी आहेत. ईसीएचएसचं कार्ड तिच्या नावावर बदलून घ्यायचं आहे, आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला. बोटांचे ठसे शेतकामाने इतके झिजलेत की मशीन घेत नाही, म्हणून आता चेहऱ्यावरून होतो का ते बघायला येत्या शनिवारी गावी जातेय. काकूंचा अर्ज त्याच बॅगेत आहे.